अडतीस गुणांचा बेत

राणोजीरावांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात प्रवेश मिळाला. बी.एस्सी., फिजिक्स, पहिलं वर्ष. सुवर्णपदकाच्या जोरावर, गुणांची अट माफ.

हे वाक्य कुणी वाचलेलंच नाही असं धरून चालू. राणोजींनीही तेच केलं. १९८२ सालच्या जूनमधल्या एका मंगळवारी पोस्टमनने पाकीट दिलं. त्यांनी ते दारातच उभ्याने वाचलं, होती तशी घडी घातली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, कार्डाच्या मागे, सारून दिलं. आतून सईबाईंनी विचारलं, "काय आलं?"

"काही नाही. लाइटचं बिल."

मग ते मद्रासेतल्या गिंडीला कामावर गेले. तिथे त्या दिवशी त्यांनी चारशे शिट्ट्या तपासल्या आणि चारशेच्या चारशे पास केल्या. सोळा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मालकाला वाटलं, माल सुधारला.

तर, काही घडलेलं नाही. गोष्ट आदल्या वर्षीच्या ऑगस्टात सुरू होते.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर कुकरच्या शिट्ट्या करणारा एक छोटा कारखाना होता. राणोजी तिथे तपासनीस. हातात पोलादी गेज. त्याचं एक टोक शिट्टीच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही टोकं गेली तर शिट्टी नापास, एकही गेलं नाही तरी नापास. या कामाला लागतं तेवढं भय राणोजींच्या अंगात उपजतच होतं. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले आणि राज्य घेऊन बसले, असं घरात सांगत. राणोजींना सैदापेटचा बाजार रस्ता ओलांडायचा असला की ते आधी एखादी म्हातारी शोधत. म्हातारीला हात देऊन पलीकडे नेल्यासारखं दिसे. खरं तर म्हातारी त्यांना नेत असे.

त्यांची एकुलती एक मुलगी सकवार. वय सतरा, बारावीत. आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "अप्पा, कुकरची शिट्टी वर का उचलते?"

राणोजी म्हणाले होते, "उचलते, कारण ती पास जाहलेली आहे."

या उत्तराने तिचं समाधान झालं नाही आणि तिथूनच तिला फिजिक्सचा नाद लागला. बाराव्या वर्षी तिने वाफेचा दाब म्हणजे काय ते बापाला नीट समजावून सांगितलं. त्या दिवसापासून राणोजी घरात कुकर लागला की अंगणात जाऊन उभे राहू लागले.

पण नाद असणं वेगळं आणि गुण असणं वेगळं. सकवारला समजायचं सगळं, लिहायला वेळ पुरायचा नाही, कारण प्रत्येक गणित ती दोन रीतींनी सोडवून ताडून बघे. शाळेतल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, पासष्ट टक्के पडतील. फिजिक्सला ऐंशीच्या खाली कुठलंही कॉलेज दारात उभं करत नव्हतं.

आणि कॉलेज नाही मिळालं तर गुंडो होता.

गुंडो म्हणजे सईबाईंच्या भावाचा मुलगा. वय एकतीस, कुंभकोणमला कॉफी पावडरचं दुकान. मामाचा मुलगा, म्हणजे त्यांच्या रिवाजाने हक्काचा नवरा. माणूस वाईट नव्हता. पण तो कुठल्याही विषयावर बोलू लागला की तिसऱ्या वाक्याला चिकोरीचं प्रमाण यायचं. दर महिन्याला तो अर्धा किलो पावडर पाठवी. सकवार म्हणे, "अम्मा, ही पावडर नव्हे, हा ॲडव्हान्स आहे." सईबाईंनी भावाशी बोलून एक शब्द ठरवून घेतला होता, आणि तो शब्द घरात पाठ होता: घरात कॉलेजचं पत्र आलं तर तीन वर्षं थांबायचं. नाही आलं तर आवणी महिन्यात, म्हणजे ऑगस्टातच, लग्न.

राणोजी या शब्दाला फार भ्यायचे. शब्द दिला की तो पाळावा लागतो, एवढं त्यांनी पूर्वजांकडून घेतलं होतं. घोडे राहून गेले.

म्हणून त्यांनी मद्रासेतल्या झाडून सगळ्या कॉलेजांची माहितीपत्रकं आणली आणि कारखान्यातली ड्रॉइंग वाचावीत तशी वाचली. पल्लावरमच्या आर्थर मेमोरियल कॉलेजच्या माहितीपत्रकात, अकराव्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात त्यांना सापडलं: राज्यात कोणत्याही विषयात सुवर्णपदक मिळवणाऱ्यास दरवर्षी एक जागा, गुणांची अट नाही, विषय त्याच्या पसंतीचा.

राणोजींनी ते चार वेळा वाचलं. सकवारची पहिली भाषा मराठी होती. सगळ्या राज्यात बारावीला मराठी घेतलेलं दुसरं कुणी नाही, असं शाळेने कळवलंच होतं. म्हणजे ती पहिली येणार हे नक्की होतं. शेवटची येणार हेही नक्की होतं, पण माहितीपत्रकात शेवटच्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मराठीत पहिल्या येणाऱ्याला एक पदक होतंही. तंजावरच्या एका जुन्या ट्रस्टचं, रावसाहेब एकोजी स्मारक सुवर्णपदक. एकोणीस वर्षांत ते कुणाला मिळालं नव्हतं. राणोजींनी पत्र लिहिलं, ट्रस्टचं उलट टपाली उत्तर आलं: "पदक कपाटात सुरक्षित आहे. मात्र ट्रस्टपत्रातील कलम सातप्रमाणे, किमान दोन उमेदवार उत्तीर्ण झाल्याखेरीज ते देता येत नाही. स्पर्धेवाचून यश ते यश नव्हे, असे कै. रावसाहेबांचे मत होते."

 राणोजी ते पत्र घेऊन वरच्या मजल्यावर दत्तोपंतांकडे गेले.

दत्तोपंत मूळचे वाईचे, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सकवारला तेच मराठी शिकवत, कारण राणोजींच्या घरात बोलत ती मराठी परीक्षेच्या कामाची नव्हती. ती तीनशे वर्षांपूर्वी घाटावरून निघाली, तंजावरला पोचली, आणि मागून कुणी काही कळवलंच नाही म्हणून तशीच बोलत राहिली. मध्ये तिला तमिळचा शेजार लागला एवढंच.

"दुसरा उमेदवार पाहिजे," दत्तोपंत म्हणाले. "पास होणारा, पण सकवारपेक्षा कमी पडणारा. खाजगी फॉर्म भरून एका विषयाला बसता येतं."

"तुम्ही बसता का, पंत?"

"बसलो असतो हो. पण मला कमी मिळवता येत नाहीत. स्वभाव." मग त्यांनी चष्म्यावरून राणोजींकडे बघितलं. बघत राहिले. "राणोजीराव, तुम्ही शिकलाय किती?"

"पीयूसी पास. आताची बारावीच म्हणा, छप्पन सालची." आणि मग कळल्यावर, "अय्यो, नको! पंत, मी परीक्षेला भितों."

"म्हणूनच तर. भिणारा माणूस पहिला येत नाही. तुम्ही घरात बोलता तसं लिहा. सगळे प्रश्न सोडवा, एकही सोडू नका. त्या भाषेला कुठलाही परीक्षक शंभरात अडतीसच्या वर देणार नाही. मी तर देणारच नाही."

खात्री करून घेण्यासाठी त्यांनी राणोजींच्या तीन सराव परीक्षा घेतल्या. गुण पडले अडतीस, सदतीस आणि अडतीस.

राणोजींना पहिल्यांदाच थोडा धीर आला. अडतीस, एक कमी-जास्त. पस्तिसाला पास. खालून तीनचा अवकाश, वरून सकवार सत्तरला. एवढ्या अचूक शिट्ट्या कारखान्यातही निघत नव्हत्या.

"बेस," ते म्हणाले.

"पुन्हा तेच!" दत्तोपंत ओरडले. "'बेस' काय! 'छान' म्हणा. नाही, नको. म्हणू नका. तुमचं तेच चालू द्या."

फेब्रुवारीत राणोजींनी ट्रस्टला आणखी एक पत्र टाकलं: निकाल लागताच पदकविजेत्याचं नाव आणि कागदपत्रं परस्पर आर्थर मेमोरियलला पाठवावीत, विषय फिजिक्स. म्हणजे मध्ये वेळ जायला नको. त्यांना या पत्राचा अभिमान वाटला. काही माणसं आयुष्यात एकदाच पुढचा विचार करतात आणि तो नेमका लागू पडतो.

परीक्षेच्या दिवशी सैदापेटच्या एका शाळेत चाळीस बाकांच्या हॉलमध्ये मराठीचे दोन उमेदवार बसले. एकाच आडनावाचे, एकाच घरातून इडलीचा एकच डबा घेऊन आलेले. पर्यवेक्षकाला ते बघूनच संशय आला. त्याने एकाला पहिल्या रांगेच्या डाव्या कोपऱ्यात आणि दुसरीला शेवटच्या रांगेच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः मधोमध खुर्ची टाकून तीन तास मान फिरवत राहिला.

"सार, ती माझी मुलगी आहे," राणोजी त्याला तमिळमध्ये म्हणाले.

"म्हणूनच," तो म्हणाला.

 प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा राणोजींना पहिली भीती वाटली की आपण नापास होऊ. दुसरी वाटली की आपल्याला काहीतरी येत असेल. पाठीमागे, फार लांब, सकवारच्या पेनचा आवाज येत होता. तो भराभर चालला होता. दत्तोपंतांनी पाठ करून घेतलेला निबंध होता तो. त्या आवाजावर त्यांनी आपला जीव टांगला आणि लिहायला घेतलं.

प्रश्न तिसरा: आजारी असल्यामुळे दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत मुख्याध्यापकांना पत्र लिहा.

राणोजींनी मराठी पत्रं वाचली होती ती आजोबांच्या पेटीतली. दुसरा नमुना त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी लिहिलं:

"श्रीमंत राजमान्य राजेश्री मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेसी. विज्ञापना ऐसी जे, सेवकास परवापासोन ज्वर येऊन अंगी शक्ती राहिली नाही. पाय चालत नाहीत, निष्ठा तेवढी चालते आहे. आज्ञा जाहली तर दोन रोज घरी निजोन येतों. न जाहली तर येथेच वर्गात पडोन राहूं, तेही साहेबांचेच घर. बहुत काय लिहिणें."

वाचून त्यांना समाधान वाटलं. दत्तोपंतांनी यात लाल शाईचं तळं केलं असतं.

प्रश्न सहावा होता निबंधाचा. 'परीक्षा नसत्या तर…'

हा निबंध मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहेत. सुरुवातीला परीक्षा नको वाटतात आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांचं महत्त्व पटतं. सकवारने तसाच लिहिला. पण राणोजींना हा निबंध कुणी शिकवला नव्हता. त्यांना वाटलं, विचारणारा खरंच विचारतो आहे. मग त्यांनी सोळा वर्षं कुणाला न सांगितलेलं सगळं लिहिलं. गेजचं एक टोक भोकात जातं आणि दुसरं जात नाही तेवढ्या क्षणात तपासणाऱ्याच्या छातीत काय होतं, ते लिहिलं. नापास शिट्ट्यांचा डबा संध्याकाळी वितळायला जातो तेव्हा ते दुसरीकडे तोंड करतात, ते लिहिलं. "परीक्षा नसती तर भय नसतें ऐसें नाही," असं त्यांनी शेवटी लिहिलं. "भय असतेंच. परंतु त्यास बसावयास बाक नसता."

वेळ संपली. हॉलच्या दारात सकवारने विचारलं, "अप्पा, कसा गेला?"

"फारच वाईट," राणोजी आनंदाने म्हणाले.

निकाल लागला. सकवार: मराठी एकाहत्तर, एकूण चौसष्ट टक्के. राणोजी: मराठी चौऱ्याण्णव.

झालं होतं ते असं. परीक्षा खात्याच्या यादीत मराठीचा एकच परीक्षक होता, पुण्यातले एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचं सगळं आयुष्य जुनी मराठी पत्रं आणि दफ्तरं वाचण्यात गेलं होतं. ज्यांनी ती लिहिली ते सगळे मेलेले होते. एका एप्रिलच्या दुपारी त्यांच्यासमोर त्याच भाषेत लिहिलेला, शाई अजून ताजी असलेला कागद आला. गुणपत्रिकेसोबत त्यांचा शेरा जोडलेला होता: "सहा गुण केवळ नियमास्तव कापले. उमेदवार हयात असल्यास पत्ता कळवावा."

सकवार गुणपत्रिका हातात घेऊन न्हाणीघराच्या पायरीवर बसली.  राणोजी तिच्यासमोर उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले.

"अप्पा, तुम्ही अभ्यास केलात?"

"नाही गे! देवाशप्पथ नाही केला."

"मग मी केला त्याचं काय?"

 स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली आणि पहिल्यांदाच राणोजी अंगणात पळाले नाहीत. तिथेच उभे राहिले.

दत्तोपंत खाली आले. त्यांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी धरून वाचल्या. "मी शिकवलं तिला एकाहत्तर," ते म्हणाले, "आणि ज्याला काही शिकवलं नाही त्याला चौऱ्याण्णव." मग ते वर गेले, आणि चार दिवस त्यांच्या घरातून रेडिओसुद्धा लागला नाही.

राणोजी मात्र झोपेतून दचकून उठू लागले, कारण फेब्रुवारीतलं ते पत्र त्यांना आठवलं होतं. ट्रस्टला ते तारेने थांबवणार होते. पण तार करायची म्हणजे पोस्टातल्या खिडकीशी जाऊन कारण सांगायचं, आणि कारण सांगायचा त्यांना धीर झाला नाही. ट्रस्टने एकोणीस वर्षांच्या उत्साहाने पदकविजेत्याचं नाव, पदकपत्राची प्रत आणि परीक्षेच्या फॉर्मला जोडलेलं त्याचं पीयूसीचं प्रमाणपत्र कॉलेजला त्याच आठवड्यात पाठवून दिलं होतं.

आणि मग तो मंगळवार आला. तो आलेला नाही असं आपलं ठरलं आहे. पण शुक्रवारी खरोखरच लाइटचं बिल आलं.

"एका महिन्यात दोन बिलं?" सईबाई म्हणाल्या आणि रेशनकार्डाची पिशवी झटकली.

पत्र खाली पडलं. सकवारने उचललं, इंग्रजीत होतं म्हणून तिनेच मोठ्याने वाचलं. 'श्री. राणोजी राव' हे शब्द आले तिथे ती थांबली आणि मग पुढचं अगदी एका सुरात वाचून संपवलं. पाच जुलैपर्यंत हजर न झाल्यास जागा रद्द.

राणोजी दाराच्या चौकटीला धरून होते. आता रडारड होईल असं त्यांना वाटलं. सईबाई रडल्या नाहीत. त्या कुंभकोणमच्या होत्या. एक माप कॉफीत किती पाणी घातलं म्हणजे सहा माणसं उठवता येतात हे त्यांना कळत होतं.

"घरात कॉलेजचं पत्र आलं की नाही?" त्यांनी विचारलं.

"आलं, पण—"

"कोणाच्या नावाचं यायला हवं, हे भावाशी बोलणं जाहलेलं नव्हतं. पत्र आलं. तीन वर्षं थांबायचं. मी उद्याच त्याला कळवतें."

सकवारने मान वर केली. राणोजींनाही श्वास घेता आला. तो पुरता आत जायच्या आधी सईबाई पुढे म्हणाल्या, "पण माझा भाऊ काही भोळा नाही. पत्रावरचा माणूस कॉलेजात जातो की नाही ते बघायला तो गुंडोला पाठवील. नाव कटलं तर पत्र रद्द. पत्र रद्द तर आवणी. ऐकालंत का?"

ऐकालं होतं. 

सोमवारी बाप-लेक पल्लावरमला गेले. प्राचार्य डॉ. ज्ञानप्रकाशम अत्यंत सज्जन गृहस्थ होते. इतके सज्जन की त्यांच्याकडून काही नियमबाह्य होण्याची आशाच नव्हती. त्यांनी उभं राहून राणोजींशी हस्तांदोलन केलं.

"चौऱ्याण्णव!" ते म्हणाले. "आणि ही कोण? धाकटी बहीण?"

"मुलगी, सार. जागा तिला द्या. मी चुकून पहिला आलों."

प्राचार्यांनी हे विनय म्हणून घेतलं. जागा नावाची असते, ती बदलता येत नाही. विजेत्याने सोडली तर दुसऱ्याला जात नाही, मोडते. सकवारने विचारलं, "आणि सर, पहिला आलेला नापास ठरला तर?"

प्राचार्यांनी माहितीपत्रक उघडलं, मग ट्रस्टचं कलम सात वाचलं आणि दुःखाने मान हलवली. "मग एकच उमेदवार उत्तीर्ण उरतो. पदकच रद्द. त्यांनी पास राहिलं पाहिजे. फक्त तुमच्यापेक्षा कमी गुणांनी. गुण कमी करणं खात्याच्या हातात. तसा अर्ज आजवर कुणी केला असेल असं मला वाटत नाही."

तोवर जागा राखायची तर वर्गात बसणं भाग होतं. सलग तीन दिवस गैरहजर, की नाव कमी. राणोजींच्या खात्यावर सोळा वर्षांत न घेतलेली रजा होती, पण मालकाने एका वेळी चौदाच दिवस देऊ केले. तेही विचारताना राणोजींची जीभ इतकी अडखळली की मालकाला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

वर्गात सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं. राणोजी पहिल्या दिवशी आत शिरले तशी ती सगळी उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. राणोजी घाबरून बाहेर गेले. खऱ्या सरांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. मग रोज ते शेवटच्या बाकावर बसायचे आणि फळ्यावर दिसेल ते सगळं, समजो न समजो, वहीत उतरवून घ्यायचे. प्रश्न विचारायला सर त्यांच्या दिशेने वळले की ते बाकाखाली पेन शोधू लागायचे. खिडकीबाहेर चिंचेच्या झाडाखाली सकवार बसलेली असे. तास संपला की ते वही तिच्याकडे नेत.

"अप्पा, हे काय लिहिलंत?"

"ठाऊक नाही. फळ्यावर होतं."

"हे चिन्ह उलटं काढलंत. असं असतं ते." आणि ती समजावून सांगू लागे, गेजचं टोक भोकात बरोबर बसावं तशी, भराभर, डोळे मोठे करून. राणोजींना त्यातलं काही कळत नसे. ते तिच्या तोंडाकडे बघत आणि त्यांना एकच गोष्ट लख्ख कळे: आत आपण बसलोय आणि बाहेर ही. मग त्यांना इतकी भीती वाटे की डब्यातली आपली इडलीही ते तिच्यापुढे सरकवत.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी गुंडो उभा होता, हातात अर्धा किलोचा पुडा. त्याने राणोजींना वर्गात जाताना बघितलं, झाडाखाली सकवारला बघितलं, आणि तिला म्हणाला, "मामंजी फार शिकलेत. तूही का नाही शिकत?"

"तेच चाललंय," सकवार म्हणाली.

"चांगलंय. कॉफीतही तसंच आहे, चिकोरी आधी—"

त्या संध्याकाळी अर्ज लिहायला घेतला. खात्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं, भाषेच्या पेपराबाबतचा अर्ज त्याच भाषेत हवा आणि तो वाचायला यादीतल्या तज्ज्ञाकडे जातो. मराठीचा तज्ज्ञ एकच होता. तोच, पुण्यातला.

राणोजींनी पेन उचललं होतं. ते त्यांनी सकवारपुढे सरकवलं. "मी लिहिलं तर तो आणखी सहा गुण वाढवून देईल," ते म्हणाले.

म्हणून सकवारने लिहिलं. दत्तोपंत वरून खाली आले, रुसवा सोडून शेजारी बसले आणि प्रत्येक वाक्य तपासलं. त्यात कुठेही जीव राहणार नाही याची त्यांनी फार काळजी घेतली. राणोजींना शेवटी एक ओळ आपली घालायची होती. सकवारने घालू दिली नाही. त्यांनी फक्त सही केली.

प्रति,
माननीय परीक्षा नियंत्रक यांस,

विषय: गुण कमी करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी, खाली सही करणार, बारावी मराठी विषयाचा खाजगी उमेदवार, आपणांस कळवू इच्छितो की, मार्च १९८२ च्या परीक्षेत मला मिळालेले चौऱ्याण्णव गुण माझ्या योग्यतेच्या मानाने छप्पन्नने जास्त आहेत. तरी ते कमी करून अडतीस करण्यात यावेत. सोबत श्री. दत्तोपंत यांनी घेतलेल्या तीन सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका पुराव्यादाखल जोडल्या आहेत. अडतीस देणे नियमात बसत नसल्यास पस्तीस ते सत्तर यांमधील कोणताही पूर्णांक अर्जदारास मान्य राहील. मात्र पस्तीसच्या खाली नेऊन अर्जदारास नापास करू नये, तसे झाल्यास सर्वांचेच नुकसान होईल. फेरतपासणी करावयाची असल्यास पूर्वीचे परीक्षक नेमू नयेत. दुसरे परीक्षक उपलब्ध नसल्यास पूर्वीच्याच परीक्षकांना, पेपर वाचताना आवडून घेऊ नये, अशी लेखी सूचना द्यावी. अर्जदाराच्या रजेचे अकरा दिवस शिल्लक असून, आवणी महिनाही फार दूर नाही. तरी सदर अर्जावर तत्पूर्वी निर्णय व्हावा आणि गुण कमी झाल्याचे प्रमाणपत्र, योग्य त्या शिक्क्यासह, द्वितीय क्रमांकाच्या उमेदवार कु. सकवार हिच्या नावे, प्रथम क्रमांक म्हणून, परतीच्या टपालाने पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.